अंगठीत अडकलेला स्टोल

संक्रांत झाली की माझ्या दुकानात लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडतो. आरी वर्क, रफू, फॉल-पिको सगळं मीच करते. सांगलीच्या गावभागात इतक्या वर्षांत काय काय दुरुस्तीला आलं, पण त्या दिवशीचं प्रकरण वेगळंच होतं.

विश्रामबागेतून एक नवी नवरी आली. टेबलावर एक पिशवी आणि एक स्टीलचा डबा ठेवला. डब्यात पांढराशुभ्र हलवा. वाटलं, तिळगूळ द्यायला आली. मी एक दाणा तोंडात टाकणार तेवढ्यात ती ओरडली, "ताई, नको! त्यात मणी आहेत."

पिशवीत स्टोल होता. पश्मिना आणि रेशीम, हातमागावर विणलेला, राखाडी, दोन्ही टोकांना काचेच्या बारीक मण्यांची फुलं. मणी मंगळसूत्राच्या पोतीएवढे. तिचा भाऊ सैन्यात, लेहला होता; त्यानं पहिल्या संक्रांतीला पाठवला. हळदीकुंकवाला ती हलव्याचे दागिने घालून, वर हा स्टोल घेऊन बसली. आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "खरी पश्मिना अंगठीतून आरपार जाते म्हणे." झालं! सासूबाईंनी बोटातली अंगठी काढली.

मधला भाग सरसर गेला. मण्यांचं टोक आलं तिथं अडकला. कुणीतरी ओढलं. मण्यांची वीतभर ओळ सुटली, त्या झटापटीत हलव्याचा हारही तुटला, आणि पंचवीस बायकांच्या देखत सतरंजीवर मणी आणि हलवा एक झाले. वर सासूबाईंचा निकाल: "फसवलं तुझ्या भावाला."

मणी आरीनं, म्हणजे आकड्याच्या सुईनं, लावलेले होते, आणि आरीचा टाका म्हणजे साखळी. शेवटची गाठ गेली आणि दोरा ओढला की अख्खी ओळ स्वेटर उसवावा तशी सुटते. आणि मण्यांनी मढवलेलं कापड अंगठीतून कसं जाणार? खरं सांगायचं तर साधा तलम व्हिस्कोससुद्धा अंगठीतून जातो, त्यानं काही सिद्ध होत नाही. अंगठीची ही ख्याती मुळात शहातूशची. ती चिरू नावाच्या तिबेटी हरणाची लोकर, आणि त्यासाठी ते हरीण मारावंच लागतं. आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे. पश्मिना देणारी, लडाखकडच्या चांगथांग पठारावरची बकरी मात्र जिवंत राहते. वसंतात तिचे आतले मऊ केस गळायला लागले की ते विंचरून काढतात.

"पण ताई, खरी आहे ना?" तिचा जीव तिथंच अडकलेला.

मी दशीतला एक धागा काढला. गुळगुळीत, चमकदार. हा ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा. मग टोकाकडचा पहिला बाणा, म्हणजे आडवा धागा, सोडवून भिंगाखाली धरला. भुरभुरीत, चमक नाही. पश्मिन्याचा तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या ढोबळमानाने पाचव्या हिश्शाइतका. नाजूक पडतो म्हणून बऱ्याचदा ताण्याला रेशीम घालतात. दोन्ही धागे काडीवर धरले. जळक्या केसांचा वास, राख बोटांत चुरली. पॉलिस्टर असता तर वितळून टणक गोळी झाली असती. पण यावरून एवढंच कळतं की धागा प्राण्याचा आहे. लोकर बकरीची की मेंढीची, हे काडी सांगत नाही, आणि ते मी तिला सांगितलंही. हाताला मात्र मला शंका नव्हती.

एका कोपऱ्यात लाल डाग होता. "कुंकू सांडलं?"

"नाही, हळदच होती. मी साबण लावला आणि अशी लाल झाली."

सांगलीची सून आणि हळदीला साबण! कुंकू तरी कशाचं करतात, हळद आणि चुन्याचंच ना? गार पाण्यात व्हिनेगरचे चार थेंब टाकून डाग टिपला, तो परत पिवळा झाला. मग थोडा वेळ उन्हात. हळद उन्हाला टिकत नाही. पण रेशमालाही ऊन सोसत नाही, म्हणून मी घड्याळ घेऊन शेजारी बसले.

मणी वेगळे करणं हा खरा उद्योग. आधी दोन मणी वाटीभर पाण्यात टाकून बघितले, रंग सुटला नाही. मग सगळा डबा कोमट पाण्यात. साखर विरघळली, गाळणीत उरले तीळ आणि मणी. वाळवले आणि ताटलीत घेऊन पाखडले, तीळ उडाले. मुंग्यांची मात्र चंगळ झाली.

मसुरीच्या डाळीएवढं एक भोकही पडलं होतं. त्याच स्टोलच्या दशीतलं रेशीम आणि टोकाचा बाणा घेऊन रफू केलं. बाहेरचा धागा कितीही जुळता आणा, उजेडात ओरडतोच. मणी आरीनं नाही, साध्या सुईनं लावले. उलटा टाका आणि दर चार मण्यांना गाठ. पुन्हा कुणी अंगठी काढली तर चारच मणी जातील.

मजुरी बाराशे सांगितली. तिनं तिथंच दिली. "सासूबाईंना आठशे सांगा हं."

चौथ्या दिवशी न्यायला सासूबाई स्वतः आल्या. रफूची जागा शोधली, सापडली नाही. मग स्टोल गालाला लावून बघितला. "सुनेनं पैसे दिले का?" मी काही बोलायच्या आत बाराशे टेबलावर. "तिनं विचारलं तर सांगा, नेताना कुणी मागितलेच नाहीत. आणि काय हो, खरा आहे ना?"

"काकू, खरा आहे. अंगठी तेवढी आता बोटातच राहू द्या."

ते दुसरे बाराशे अजून माझ्याकडेच आहेत. कुणाला परत करायचे म्हटलं तरी एकीचं गुपित फुटणार. डबाही न्यायचा राहिला, त्यातच ठेवलेत.