पिक्सेल म्हणजे गुंठा

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या जीआयएस (संगणकावर नकाशांचं काम करणाऱ्या) कंपनीत होते. काम आलं ते असं: पुरात बुडालेल्या गटांची, म्हणजे नंबर असलेल्या जमिनीच्या तुकड्यांची, गावनिहाय यादी करून द्यायची, म्हणजे पंचनाम्याला माणसं आधी कुठे पाठवायची ते ठरवता येईल. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक प्रत्यक्ष शेतात जाऊनच करणार होते. आमची यादी फक्त क्रम लावण्यापुरती. 'फक्त' हा शब्द मीटिंगमध्ये मीच वापरला होता, तो आता टोचतो.

ढगांमुळे नेहमीच्या उपग्रहचित्रांत जमीन दिसतच नव्हती, म्हणून सेंटिनेल-1 या उपग्रहाचं रडारचित्र घेतलं. रडारला ढग आड येत नाहीत. संथ पाण्यावर त्याची लहर तिरकी आपटते आणि पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परत येत नाही. म्हणून पाणी काळं दिसतं. हे चित्र म्हणजे चौकटींची वही, प्रत्येक चौकटीत एक आकडा, लहर किती परत आली त्याचा. याला रास्टर म्हणायचं. दुसरीकडे होत्या गावनकाशे स्कॅन करून काढलेल्या गटांच्या हद्दी: रेघेने बंद केलेली एकेक आकृती आणि तिला जोडलेला गट नंबर, क्षेत्र, पीक. हे व्हेक्टर. चित्रावर हद्दी ठेवायच्या आणि प्रत्येक हद्दीत काळ्या चौकटी किती ते मोजायचं. निम्म्याहून जास्त काळ्या असतील तर 'बाधित: होय', नसतील तर 'नाही'.

या चौकटीची, म्हणजे पिक्सेलची, बाजू 10 मीटर, म्हणजे क्षेत्र 100 चौरस मीटर. आणि आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, 101 चौरस मीटरच्या आसपास. पिक्सेल म्हणजे गुंठाच! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. नव्या मुलांना शिकवताना मी सुरुवात तिथूनच करते. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला रास्टर दोन मिनिटांत कळतं ते यामुळे.

पण हा गुंठा कुणाच्या बांधाला बांधलेला नसतो. चौकट अर्धी तुमच्या रानात, अर्धी शेजारच्याच्या, आकडा मात्र दोघांत मिळून एकच. शिवाय फाइलमध्ये बाजू 10 मीटर असली तरी या रडारची खरी नजर त्याच्या साधारण दुप्पट ढोबळ आहे, आणि चित्रातले खडबडीत ठिपके घालवायला शेजारच्या चौकटींची सरासरी काढावीच लागते. आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन रानं लांबलचक पट्ट्यांची झालीत. 12 गुंठ्यांची पट्टी पुष्कळदा एकदीड चौकटीच रुंद भरते. त्यात गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवताना आठदहा मीटर सरकला, तर आपण दुसऱ्याच्याच रानाचा आकडा वाचत असतो. आमचे नकाशे ज्यांनी डिजिटाइझ केले होते त्यांना नगावर पैसे मिळायचे. नगावर पैसे दिले की तिठ्याशी आणि ओढ्याशी हद्द जुळवून बघायला कोणी थांबत नाही.

यादी दिल्यावर चौथ्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांचा फोन आला. "म्याडम, एकदा येऊन बघून जावा. माणसं माझ्या दारात बसल्यात."

पाणी उतरून रस्ता नुकताच मोकळा झाला होता. ज्यांच्या रानापुढे यादीत 'नाही' होतं ते आजोबा बांधावर उभे होते. रागावले नव्हते. फक्त विचारलं, "आमच्या उसात पानी न्हवतं म्हनं तुमच्या नकाशात?" आणि एक ऊस वाकवून माझ्यापुढे धरला. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीपर्यंत पानं गाळाने राखाडी झाली होती. तिथे सरळ रेघ होती आणि रेघेच्या वर हिरवा शेंडा. त्यांनी पोंगा (शेंड्यातली गुंडाळलेली पानं) ओढला, तो सहज हातात आला. बुडाशी कुजका, घाण वासाचा. खालच्या कांड्यांना पांढऱ्या मुळ्या सुटल्या होत्या. ऊस पाण्यात दिवसच्या दिवस उभा राहिल्याची ही खूण कुणालाही दिसेल अशी होती.

शेजारचं सोयाबीन यादीत 'होय' होतं. ते गुडघ्याएवढं, पूर्ण बुडालेलं, वर नुसतं पाणी, म्हणून चित्रात काळंभोर. ऊस मात्र बुडूनही पाण्याच्या वर पाला घेऊन उभा होता. सेंटिनेल-1 ची लहर साडेपाच सेंटिमीटरची. दाट, वाढलेल्या आडसाली उसाच्या पाल्यातून ती खालच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही, पानांवरच विखुरते आणि बरीचशी परत जाते. चित्रात तो ऊस पुराआधी जसा दिसला असता जवळजवळ तसाच दिसत होता. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरीही अचूकता तपासायला मी जे बिंदू निवडले ते नदीवर, गावठाणात आणि सोयाबीनमध्ये होते. उसात एकही नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यात!

मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचं. रास्टरमध्ये त्या रानाचे आकडे घुटमळत होते, कुठे पाण्याच्या बाजूला, कुठे पलीकडे. ते बघून कोणीही म्हटलं असतं की इथे नक्की सांगता येत नाही. पण निम्म्याहून जास्तचा नियम लावला आणि त्या सगळ्या आकड्यांचा मिळून रेखीव हद्दीत एकच शब्द उरला: नाही. खरं तर तो 'दिसत नाही' होता. यादी उघडणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

परत येऊन उन्हाळ्यातल्या ढगविरहित चित्रांवरून उसाचे गट वेगळे काढले. दोन्ही अंगांना पाणी आणि मधे ऊस असेल, तर तो गट 'तपासावा' असा लावला. हाही नियम उंचवट्यावरच्या रानांना विनाकारण पाण्यात घालतो, पण तपासायला माणूस गेला तर नुकसान कुणाचंच नाही. वरून उत्तर आलं: रकान्यात होय किंवा नाही एवढंच बसतं. शेवटी 'शेरा' या रकान्यात गटामागे गट हाताने लिहीत बसले.

आजोबांचा पंचनामा नंतर झाला. मी आणि भाऊसाहेबांनी दोन दिवसांत उसाचे 19 'कोरडे' गट पायी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत गाळाची तीच रेघ होती. यादीत तसे गट आणखी बरेच होते. गाळ पावसाने धुऊन जायच्या आत तिथे कोणी पोचलं का, ते मी अजून विचारलेलं नाही.