तुम्ही विचारलंत म्हणून: उभ्या इमारतीत आमच्या हाती काय उरते?

इमारतीचा सांगाडा, बाहेरच्या भिंती आणि छप्पर हे सगळे दुसऱ्याने ठरवलेले असताना, आतली मांडणी करणाऱ्यांचा चक्रीय, म्हणजे साहित्य फेकून न देता पुन्हा वापरात आणणाऱ्या, पर्यावरणपूरक बांधकामाशी कितीसा संबंध येतो, असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर असे, की इमारतीत सर्वांत जास्त वेळा जे फोडले आणि फेकले जाते, ते आमच्याच हातचे असते.

ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रान्सिस डफी यांनी कार्यालयीन इमारतीकडे वेगवेगळ्या आयुष्यांचे थर म्हणून पाहिले. त्यांच्या मांडणीनुसार सांगाडा सुमारे 50 वर्षांचा, वायरिंग, नळ आणि वातानुकूलन 15 वर्षांच्या आसपासचे, तर पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग अवघी 5 ते 7 वर्षांची. म्हणजे एकाच सांगाड्यातून अनेकदा राडारोडा बाहेर पडतो, आणि सांगाडा कितीही विचारपूर्वक बांधलेला असला तरी तो राडारोडा त्यामुळे कमी होत नाही.

म्हणून लवकर बदलणारी गोष्ट उशिरा बदलणाऱ्या गोष्टीत अडकू नये, हे मी आधी पाहते. गिलाव्यात पुरलेल्या वायरसाठी भिंत फोडावी लागते. तीच उघडता येणाऱ्या पट्टीमागून नेली, तर भिंत शाबूत राहते. कायमचा आधार आणि रहिवाशाने हवा तसा बदलावा असा आतला भाग वेगळे ठेवण्याचा विचार डच वास्तुरचनाकार जॉन हॅब्राकेन यांनी 1961 मध्येच मांडला होता, आणि तो आजही पुरेसा अमलात आलेला नाही, याची मला खंत वाटते.

साहित्य कोणते घ्यावे याची चर्चा भरपूर होते, ते जोडावे कसे याची फारच थोडी. खरी मेख मात्र तिथेच आहे. चांगल्या लाकडी फळीवर लॅमिनेट चिकटवले, की पुढे दोन्हींपैकी काहीही धडपणे सुटे होत नाही. स्क्रू, बोल्ट आणि खाचेत बसणारे सांधे उलगडता येतात, पण एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत, तोच स्क्रू पुन्हापुन्हा काढून घातला तर भोक सैल होते. त्यामुळे तिथे धातूचे आटे बसवून घ्यावे लागतात किंवा बोल्ट आरपार न्यावा लागतो. गालिचा सुट्या चौकोनांचा असेल, तर झिजलेला तेवढाच बदलता येतो. सिमेंट न मिसळलेला मातीचा गिलावा खरवडून, भिजवून, पुन्हा लावता येतो. फळ्या शक्यतो अखंड मापात वापरल्या, तर पुढच्या जागेत त्यांचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. आणि सीलिंगची खरोखर गरज नसेल, तर ते न करणे हाही रचनेचाच निर्णय आहे.

अशा कामाला सुरुवातीला वेळ आणि पैसा बहुधा अधिक लागतो, हे मी ग्राहकापासून लपवत नाही. तो खर्च जागा सोडताना किंवा बदलताना वसूल होतो, आणि मुक्काम जितका थोडा, तितकी ती वेळ लवकर येते. त्यामुळे भाड्याच्या जागेचे काम आले, की मापे घेण्याआधी मी कराराची मुदत विचारते.