तक्रार आपल्याच छावणीतून येते

आनंदपूरच्या वेढ्याच्या काळातली, म्हणजे १७०४-०५ च्या सुमाराची, भाई कन्हैयाची गोष्ट शीख परंपरेत आवर्जून सांगितली जाते. लढाई चालू असताना हा माणूस पाण्याची पखाल घेऊन रणांगणात हिंडे आणि पडलेल्या जखमींना पाणी पाजे. त्यांत मोगल सैनिकही असत. त्याला गुरु गोविंदसिंगांपुढे उभे करण्यात आले, तेव्हा आपल्याला आपला आणि परका असा भेद दिसत नाही, सगळ्यांच्या ठायी गुरूच दिसतात, असे त्याने सांगितले; आणि गुरूंनी त्याला शिक्षा करण्याऐवजी मलम देऊन यापुढे जखमाही बांधत जाण्यास सांगितले. ऐकणारा गुरूंच्या मनाच्या मोठेपणाने भारावतो आणि गोष्ट तिथेच थांबते. मला मात्र तिच्यातला आधीचा, एका वाक्यात उरकला जाणारा भाग जास्त विचार करायला लावतो. कन्हैयाची तक्रार शत्रूने केली नव्हती. ती त्याच्याच बाजूच्या, त्याच्याच श्रद्धेच्या लढवय्यांनी केली होती, आणि त्यांच्या दृष्टीने ती रास्तही होती. ज्याला आपण जिवाच्या कराराने खाली पाडले, तो हे पाणी पिऊन उद्या पुन्हा आपल्यावरच तलवार उचलणार होता.

धर्माच्या प्रेरणेने चालणारे मदतकार्य आणि संघर्षग्रस्त भागांत धार्मिक नेत्यांनी शांततेसाठी केलेले प्रयत्न यांविषयी गेली काही वर्षे मी वाचत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ही तक्रार मला भेटली आहे. समोरच्या छावणीत जाऊन बोलणे धोक्याचे असते हे उघडच आहे. पण आपल्या छावणीत परत येऊन, आपण तिकडे का गेलो होतो हे आपल्याच माणसांना सांगणे त्याहून अवघड असते, असे माझे मत होत गेले आहे.

त्याची थोडीशी झलक मी स्वतःही पाहिली. एका दंगलीनंतर एका धार्मिक न्यासाच्या मदतकेंद्रात आठवडाभर मी नोंदवही घेऊन बसत असे. शिधा, चादरी आणि ताडपत्री यांचे वाटप होते, आणि वहीत नाव, घरातली माणसे, पत्ता असे रकाने आखलेले होते. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी रांगेतून पुढे आली. मी नाव विचारल्यावर तिने आधी मागे उभ्या असलेल्यांकडे पाहिले, मग भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "नाव कशाला लिहितोस बाळा, पाच माणसं आहेत एवढं लिही." नावावरून ती कोणत्या वस्तीतली हे सगळ्यांना कळणार होते. मी नावाच्या जागी आडवी रेघ ओढली आणि पुढे ५ हा आकडा लिहिला. त्याच संध्याकाळी केंद्राच्या व्यवस्थापकांना फोन येऊ लागले. फोन करणारे देणगीदार होते, सज्जन होते, आणि आमचा पैसा त्या लोकांसाठी नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवस्थापक प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकून घेत आणि फोन ठेवल्यावर काही न बोलता पुन्हा पोती मोजायला लागत. वाटप तसेच चालू राहिले, एवढे मी सांगू शकतो. पण पुढच्या आठवड्यात येणारी पोती कमी झाली, हेही खरे आहे.

धार्मिक संस्थांना अशा प्रसंगी जे जमते, ते त्यांच्या अंगच्या कोणत्या खास पुण्याईमुळे जमते असे मला वाटत नाही. त्या तिथे आधीपासून असतात, हे त्याचे साधे कारण आहे. लढाई पेटली की दूतावास बंद होतात, परदेशी कर्मचारी शेवटच्या विमानाने निघून जातात, सरकारी कचेऱ्यांना कुलूप लागते. प्रार्थनास्थळ मात्र उरते, त्याला भिंती असतात, अंगण असते, बहुधा एखादी विहीर असते, आणि गावातला प्रत्येक माणूस ज्याला नावाने ओळखतो असा कोणीतरी तिथे राहत असतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मार्च २०१३ मध्ये प्रामुख्याने मुस्लिम बंडखोरांच्या सेलेका आघाडीने सत्ता बळकावली आणि तिच्या अत्याचारांच्या सुडापोटी बहुतांशी ख्रिस्ती असलेल्या अँटी-बलाका टोळ्यांनी सरसकट मुस्लिम वस्त्यांवर हल्ले सुरू केले, तेव्हा हेच घडले. राजधानी बांगीचे आर्चबिशप दियुदोने न्झापालाइंगा, इमाम ओमर कोबीन लायामा आणि पाद्री निकोला गेरेकोयामे-ग्बांगू या तिघांनी आंतरधर्मीय मंच उभारला होता. हे युद्ध सत्तेचे आहे, धर्माचे नाही, असे ते तिघे गावोगाव एकत्र फिरून सांगत. डिसेंबर २०१३ मध्ये बांगीत कत्तल सुरू झाली, तेव्हा इमाम कुटुंबासह आर्चबिशपच्या निवासात राहायला गेले आणि कित्येक महिने तिथेच राहिले. इमामाने बिशपच्या घरात आसरा घ्यावा, ही गोष्ट बाहेरच्या जगाला हृदयस्पर्शी वाटली. पण दोघांच्याही समाजांत ती खुपणारे लोक होते.

त्याच देशातल्या बोआली गावात २०१४ च्या सुरुवातीला झेवियर फाग्बा या कॅथलिक धर्मगुरूने सहा-सातशे मुस्लिमांना आपल्या चर्चमध्ये ठेवून घेतले. माणसे बाकांच्या मधल्या जागेत, वेदीच्या आसपास झोपत; बाहेर टोळ्या दबा धरून असल्यामुळे पायऱ्यांपलीकडे पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि चर्चच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा उमटल्या होत्या. या लोकांना आणल्याबद्दल आपल्यालाच गावकऱ्यांच्या धमक्या ऐकाव्या लागल्या, असे फाग्बा यांनी पुढे पत्रकारांना सांगितले. त्या गावकऱ्यांना मी खलनायक ठरवणार नाही. सेलेकाच्या राज्यात त्यांची घरे लुटली गेली होती, माणसे मारली गेली होती, आणि ज्या धर्मगुरूने त्यांचे सांत्वन करायचे तोच आता त्यांच्या मते लुटारूंच्या भाऊबंदांना चर्चची दारे उघडून देत होता.

नायजेरियाच्या प्लॅटो राज्यातल्या न्घार गावचे वृद्ध इमाम अब्दुल्लाही अबुबकर यांच्यापुढे तर हल्लेखोरच स्वतःच्या धर्माचे होते. जून २०१८ मध्ये शेजारच्या गावांतून जीव वाचवून पळत आलेल्या २६२ ख्रिस्ती लोकांना त्यांनी घरात आणि मशिदीत लपवले आणि बंदूकधारी दाराशी आले तेव्हा आत जाऊ देणार नाही म्हणून त्यांच्यापुढे रडून-भेकून विनवण्या केल्या. यामागची एक जुनी हकिकत मला त्या धैर्याइतकीच मोलाची वाटते: ती मशीद ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन त्या घटनेच्या सुमारे ४० वर्षे आधी स्थानिक ख्रिस्ती लोकांनी मोबदला न घेता दिली होती. संकटाच्या त्या एका दुपारी जे घडले, त्याची पुंजी अशी आधीच साठलेली होती. बाहेरून येणाऱ्या संस्थेला ती सहा महिन्यांच्या प्रकल्पात जमवता येत नाही.

हे सारे लिहिताना रवांडा विसरून चालणार नाही. जवळीक असली की माणुसकी येतेच असे नाही. तुत्सी जमातीच्या १९९४ मधल्या वंशसंहारात लोक जुन्या सवयीने चर्चकडेच धावले, कारण आधीच्या दंगलींत तिथे जीव वाचला होता, आणि या वेळी न्तारामा, न्यामाता, न्यांगे इथली चर्चच वधस्थळे झाली. न्यांगे इथे सुमारे दीड हजार तुत्सी आत असताना चर्च बुलडोझरने पाडण्यात आले. तिथला धर्मगुरू अथानाझ सेरोम्बा याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. तोही तिथे आधीपासून होता, आणि त्यालाही गावातला प्रत्येक माणूस नावाने ओळखत होता. म्हणून "धर्म शांतता शिकवतो" हे सभांमधले वाक्य माझ्या कानांना पोकळ लागते. आपल्या माणसांनी शस्त्र उचलले असताना धर्मगुरू त्यांच्या वाटेत उभा राहिला की बाजूला झाला, एवढेच मी पाहतो.

मदतीकडून वाटाघाटीकडे जाण्याची वाटही सरळ नसते. रोममध्ये १९६८ साली आंद्रेआ रिक्कार्दी आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेला सांत एजिदियो हा कॅथलिक समुदाय १९८० च्या दशकात मोझांबिकला धान्य आणि औषधे पाठवत होता. युद्ध थांबत नाही तोवर पाठवलेले अन्न भुकेल्यापर्यंत पोहोचणार नाही, हे त्यांना त्या कामातूनच उमगले. मोझांबिकमधल्या बेइराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस यांची या समुदायाशी जुनी ओळख होती. सत्तारूढ फ्रेलिमो आणि बंडखोर रेनामो यांना जुलै १९९० मध्ये रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या एका जुन्या मठात समोरासमोर बसवण्यात आले, आणि २७ महिन्यांनंतर, ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, सुमारे १० लाख माणसांचा बळी घेतलेल्या युद्धावर राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामोचे नेते अफोन्सो ध्लाकामा यांनी सह्या करून पडदा पाडला. मध्यस्थांकडे सैन्य नव्हते, कोणावर निर्बंध लादण्याची ताकद नव्हती. म्हणूनच कदाचित बंडखोरांना त्यांची भीती वाटली नाही. पण नुसत्या सद्भावनेने काम भागले असे कोणी समजू नये. इटलीच्या सरकारचा प्रतिनिधी मध्यस्थांत होता, पाठीशी पैसा होता, आणि करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांनी शस्त्रे जमा करण्याचे किचकट काम केले.

मदत स्वतःच लढाईचे इंधन होऊ शकते, याचा सगळ्यांत बोचरा दाखला बियाफ्राचा, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या प्रांताचा, आहे. १९६७ ते १९७० च्या नायजेरियन यादवीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चसंस्थांनी एकत्र येऊन साओ तोमे बेटावरून वेढ्यातल्या बियाफ्रात अन्न पोहोचवले. ज्यू संघटनाही त्यात सहभागी होत्या. उड्डाणे रात्रीच होत. उली इथे रुंद केलेल्या रस्त्याचीच धावपट्टी केली होती आणि विमान अगदी टेकायच्या बेताला आले की काही क्षणांपुरते दिवे लावून लगेच विझवले जात. पाच हजारांवर उड्डाणे झाली, सुमारे ६०,००० टन सामान पोहोचले, असंख्य मुले जगली. पण त्याच धावपट्टीवर त्याच अंधारात शस्त्रांची विमानेही उतरत होती आणि मदतीच्या व्यवहारातून बियाफ्राच्या सरकारला दुर्मीळ परकी चलन मिळत होते. त्यामुळे हे युद्ध लांबले, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले. मुलांना दूध द्यायचे नव्हते का, असा उलट प्रश्न विचारता येतो, आणि तोही खोटा नाही. माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. पण हा हिशेब ज्याने मांडलाच नाही, त्याच्या भूतदयेवर माझा विश्वास बसत नाही.

या साऱ्या अनुभवांतूनच मदतसंस्थांसाठीची १९९४ ची आचारसंहिता आली. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट चळवळीबरोबर ती तयार करणाऱ्यांत कॅरितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या धार्मिक संस्थाही होत्या, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मदत गरज पाहून द्यावी, माणसाचा पंथ पाहून नाही, आणि कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी तिचा वापर करू नये, हे तिच्या १० कलमांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे मुद्दे आहेत. शिध्याच्या पिशवीत धर्मपुस्तिका घालणे हा उघड भंग झाला. आधी प्रार्थना आणि मग जेवण हा क्रम, गणवेशावरचे चिन्ह, भिंतीवरची तसबीर, यांच्याबद्दल मात्र कलमे फारसे सांगत नाहीत. नाव न सांगणारी ती म्हातारी तसबिरीकडे पाहत होती, आणि तसबीर काढावी असे त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

उत्तर युगांडातल्या अचोली जमातीच्या धार्मिक नेत्यांच्या शांतता मंचाची हकिकत मला यांतली सगळ्यांत अवघड वाटते, कारण तिथे तक्रार करणाऱ्यांची बाजू फार भक्कम होती. जोसेफ कोनीची लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर फौज मुलांना पळवून सैनिक बनवत होती, आणि अपहरणाच्या भीतीने हजारो मुले रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत गुलू शहरात येऊन उघड्यावर झोपत. जून २००३ मध्ये आर्चबिशप जॉन बॅप्टिस्ट ओदामा आणि इतर धर्मांचे व पंथांचे नेते त्या मुलांशेजारी काही रात्री रस्त्यावर झोपले. इथवर कोणाचा आक्षेप नव्हता. पण हेच नेते बंडखोरांना माफी द्या म्हणत होते, २००० च्या माफी कायद्यासाठी त्यांनी जोर लावला होता, जंगलात जाऊन बंडखोरांशी बोलत होते, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००५ मध्ये कोनीविरुद्ध वॉरंट काढले तेव्हा त्यालाही त्यांनी विरोध केला. त्यांना बंडखोरांचे हस्तक म्हटले गेले. ज्यांची मुले परत आली नाहीत त्यांना माफीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी तरी गप्प करू शकत नाही. त्या मंचात निवृत्त अँग्लिकन बिशप मॅकलिऑड बेकर ओचोला होते; त्यांची पत्नी १९९७ मध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात मारली गेली होती, आणि तरीही ते माफीच्याच बाजूने बोलत राहिले.

२००८ मध्ये सुदानच्या दक्षिण भागातल्या जुबा इथे सरकार आणि बंडखोर यांच्यातला अंतिम करार तयार झाला, धार्मिक नेते आणि गावप्रमुख सहीसाठी थेट जंगलाच्या कडेपर्यंत जाऊन थांबले, आणि कोनी आलाच नाही. करार सहीविनाच राहिला. उत्तर युगांडातल्या बंदुका तोपर्यंत शांत झालेल्या होत्या, आणि विस्थापितांच्या छावण्यांतली माणसे एकेक करून गावी परतून, गवत वाढलेल्या शेतांत आपल्या बांधाच्या खुणा शोधू लागली होती.