विसर्जन होऊ दे, मग पाहू

हे लिहिण्याआधी तिला वाचून दाखवलं आहे. तिचं नाव, आमची कॉलनी, मंडळ, पक्ष यांतलं काहीही लिहीत नाही. बलात्काराच्या प्रकरणात मुलीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहेच. शिवाय पक्षाचं नाव कळलं की वाचणारे लगेच आपापली बाजू धरून बसतात, आणि ते मी स्वतः करून पाहिलं आहे. खटला आता बंद खोलीत चालू आहे, तिथलं काही सांगणार नाही. माझ्या वाट्याला आलं तेवढंच सांगते.

१२ सप्टेंबर २०२४, गौरी विसर्जनाची संध्याकाळ. मी गौरींचे मुखवटे पुसून कापडात गुंडाळत होते. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी खाली आली आणि तिने उभ्या उभ्याच सांगितलं. परवा रात्री, आरतीनंतर, मंडपामागच्या सामानाच्या खोलीत. वर्गणीचा हिशोब लिहिते म्हणून त्याने वही घेऊन बोलावलं होतं.

तो म्हणजे वॉर्डातला आमच्या पक्षाचा कार्यकर्ता. आमच्या घरात तीन पिढ्या या एकाच पक्षाचं काम. २०२३ च्या विधानसभेला मी त्याच्यासोबत घरोघर मतदार पर्च्या वाटत फिरले होते. सासूबाई पडल्या तेव्हा त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं होतं.

मी तिला पहिलं विचारलं ते हे, "इतक्या रात्री एकटी कशाला गेलीस?"

त्याच्या महिनाभर आधी, ९ ऑगस्टला, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात त्या डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता. ती रात्री एकटी का होती असं कुणी म्हटलं की मी भांडायला उठत होते. इंदुरात मेणबत्त्या घेऊन निघालो तेव्हा पुढच्या रांगेत होते. बंगालमधलं सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं, ही गोष्ट माझ्या रागाला किती जोर देत होती, हे तेव्हा मला कळलं नाही.

"विसर्जन होऊ दे, मग पाहू," मी म्हणाले. दहा दिवसांचं मंगल कार्य, मंडळाचं नाव, वर्षभराची मेहनत. ती "बरं, काकू" म्हणाली आणि वर गेली.

१७ तारखेला अनंत चतुर्दशी. इंदूरच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला सगळं शहर रस्त्यावर असतं. आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत तो गुलाल उधळत सगळ्यांत पुढे होता. मी प्रसाद आणायला घरी आले तर वरच्या खोलीत दिवा. ती बॅग भरत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही काही करणार नाही हे मला त्याच दिवशी कळलं." तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिथेच पायरीवर बसले.

१८ ला आम्ही ठाण्यात गेलो. दुपारी १२ वाजता. नाव ऐकताच तिथला सूर बदलला. "पहले जाँच कर लेते हैं, फिर देखेंगे." माझी भाची वकील आहे. तिला फोन लावला. तिने सांगितलं की नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आधी चौकशीची मुभा आहे, पण ती ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत. बलात्काराला कमीत कमी १० वर्षं आहेत, इथे थेट एफआयआरच लिहावी लागते, आणि तीही महिला पोलिसानेच. लिहायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं कैद होऊ शकते. हे मी कागदावर उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. हात थरथरत होता, पण वाचलं. मग महिला उपनिरीक्षक आल्या. रात्री ९ वाजता एफआयआरची प्रत हातात पडली, विनामूल्य. ती द्यावीच लागते, मागून घ्या.

लिहिताना त्यांनी विचारलं, आठ दिवस उशीर का? मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. उपनिरीक्षकांनी स्वतःच टाइप केलं, "लोकलाज के डर से." हा शब्द अशा कागदांत इतका रुळलेला आहे की कुणी थांबतही नाही. तिने दुरुस्त केलं नाही. मला सांभाळून घेतलं.

मग वैद्यकीय तपासणी. डॉक्टर बाई भल्या होत्या. एकेक गोष्ट आधी समजावून, संमती घेऊन करत होत्या. दोन बोटांची ती अघोरी तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चूक ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, त्यामुळे ती झाली नाही. पण नमुने घेण्याची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या. घटनेपासून ९६ तासांच्या आत घेतले तरच उपयोग असतो, म्हणाल्या. मी मनात तास मोजले. १० च्या रात्रीपासून १२ ची संध्याकाळ, ४८ तासही झाले नव्हते. ती मुखवट्यांसमोर उभी होती तेव्हा सगळं पुराव्यात आलं असतं. माझ्या "मग पाहू"ने ते गेलं. तिने मात्र तेव्हाचे कपडे न धुता ठेवले होते. तेच जप्त झाले.

अंगावर जखमा नाहीत, असं अहवालात आलं. मला एकदम मथुरा नावाच्या मुलीचं प्रकरण आठवलं. १९७२, चंद्रपूर जिल्हा, पोलीस ठाण्यातच त्या आदिवासी मुलीवर अत्याचार. जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती, असं म्हणत १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. त्यातून पेटलेल्या आंदोलनाने १९८३ मध्ये कायदा बदलायला लावला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हे आज कायद्यातच लिहिलेलं आहे. डॉक्टर बाईंनीही अहवालात तशी नोंद केली.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या जबाबाला मी बाहेर बाकावर होते. त्याही बाईच होत्या. आत पोलीसही नाहीत. ती पाऊण तासाने आली आणि फक्त पाणी मागितलं.

तोवर बातमी फुटली होती. दुसऱ्या पक्षाचे लोक घरी आले. त्यांचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता, तोंड झाकून पत्रकारांसमोर बसवायची तयारीही होती. मला त्यांच्यात मी दिसले. उत्तर प्रदेशातल्या उन्नावच्या मुलीवर विश्वास ठेवणारे वेगळे, बंगालमधल्या संदेशखालीच्या बायकांवर ठेवणारे वेगळे; दोन्हीकडे आरोपी वेगवेगळ्या पक्षांचे. आरोपी कोणाचा, एवढं कळलं की आपलं मत तयार. तिने त्यांना सांगितलं, मला कुठेही बसायचं नाही. ते परत आले नाहीत.

आमचेही आले. मंडळातले ज्येष्ठ, ज्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने बोलले नाही. "वहिनी, पोराकडून चूक झाली. ती त्याला राखी बांधेल, तो जन्मभर बहीण मानेल. मिटवून टाका." मला संताप आला, पण शब्दही सापडले. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आमच्याच इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना तक्रारदार बाईकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. अपर्णा भट आणि आणखी आठ महिला वकील त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द झाली आणि असल्या तडजोडी न्यायालयांनी सुचवूही नयेत असं बजावलं गेलं. हे मी त्यांना सांगितलं. ते चहा न घेता उठले. आमच्या ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

त्या दोन दिवसांत एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. उद्या उलटतपासणीत पहिला प्रश्न उशिराचाच येणार, आणि कागदावर "लोकलाज" आहे. तिला कसली लाज नव्हती. ती दोन दिवसांच्या आतच सांगायला आली होती.

मी ठाण्यात गेले आणि माझा जबाब घ्या म्हटलं. उपनिरीक्षक आश्चर्याने बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी टाइप करून वाचून दाखवलं, "मैंने समाज के डर से उसे रुकने को कहा."

"समाज के डर से नहीं," मी म्हणाले.

"तो?"

"लड़का हमारी पार्टी का था, इसलिए. उसने मुझे १२ तारीख को ही बता दिया था. मैंने रोका."

"आंटीजी, यही लिख दूँ?"

मी हो म्हटलं. त्यांनी आधीचं वाक्य खोडलं. अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, म्हणून मी त्यांना तो शेवटपर्यंत दोनदा वाचायला लावला.