दोन मिनिटे रिकामी दिसणारी लेन

इंदूरच्या गीताभवन चौराह्यावर सिग्नलला गाडी थांबली की माझे मेहुणे शेजारच्या, फक्त बससाठी राखलेल्या बसमार्गाकडे हात करून ठरलेले वाक्य बोलत असत, ‘‘भाऊजी, एवढा रस्ता मोकळा ठेवलाय आणि आपण इथे सडतोय.’’ मी आयुष्यभर रस्ते आणि वाहतूक हेच काम केले असल्यामुळे हे वाक्य खास माझ्यासाठी असे, आणि मीही दरवेळी तोच हिशेब मांडत असे. दर दोन मिनिटांनी एक बस आणि तिचा वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर दोन बसच्या मध्ये साडेसहाशे मीटरहून अधिक अंतर पडते. म्हणजे बसमार्ग उत्तम चालत असतानाही सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला तो बहुतेक वेळ रिकामाच दिसणार. त्या एका बसमधली ६० माणसे मोटारींमध्ये बसवली, एका मोटारीत सरासरी दीड माणूस आणि एका मोटारीला सहा मीटर जागा धरली, तर ४० मोटारींची २४० मीटर लांब रांग लागते. मेहुणे शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, ‘‘पण आत्ता तर रिकामाच आहे ना?’’

बीआरटीएसविषयी, म्हणजे राखीव मार्गावरून धावणाऱ्या जलद बससेवेविषयी, इतकी वर्षे वाचले, शिकलो आणि स्वतः थोडे काम केले, त्यानंतर माझे मत असे झाले आहे की अशा प्रकल्पाचे नेतृत्व करणाऱ्याची खरी परीक्षा मेहुण्यांच्या या प्रश्नापाशी होते. काँक्रीट, रेलिंग, स्थानके, तिकीटयंत्रे या गोष्टी निविदेने मिळतात. रिकामी दिसणारी जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवण्याचा अधिकार मात्र निविदेने मिळत नाही. तो लोकांकडून रोज नव्याने मिळवावा लागतो.

आपल्या इंदूरची सुरुवात खरे तर फार चांगली झाली होती. टेंपो आणि नगर सेवेच्या मिनीबस यांच्यावर अवलंबून असलेल्या या शहरात २००५ च्या अखेरीस महानगरपालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून सिटी बससाठी एक स्वतंत्र कंपनी काढली, आणि त्यामागे तत्कालीन जिल्हाधिकारी विवेक अग्रवाल यांचा पुढाकार होता. कंपनीने मार्ग, थांबे आणि देखरेख स्वतःकडे ठेवली. बस विकत घेणे आणि चालवणे खाजगी चालकांवर सोपवले. मोठा नोकरवर्ग न बाळगता बससेवा उभी करता येते हे त्यातून देशाला दिसले आणि इतर शहरांचे अधिकारी ते पाहायला येऊ लागले. त्याच सुमारास, २००६ साली, केंद्राचे नागरी वाहतूक धोरण आले. रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने करावा, हे त्याचे सूत्र होते. मेहुण्यांना मी जे सांगत होतो ते माझे नव्हतेच, ते सरकारी धोरण होते.

पुढे जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या निधीचा आधार घेऊन आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग झाला आणि १० मे २०१३ रोजी त्यावर आयबस धावू लागली. वातानुकूलित बस, रस्त्याच्या मध्यभागी स्थानके आणि स्थानकात शिरतानाच तिकीट, अशी ती व्यवस्था होती. रोज पन्नास हजारांहून अधिक माणसे तिने जात, आणि विजयनगर ते भंवरकुआ या पट्ट्यातल्या शिकवण्यांना जाणाऱ्या मुलामुलींचे तर ती घरचे वाहन झाली होती.

इथे थोडे माझ्या कामाविषयी लिहितो. दुसऱ्या राज्यातल्या एका वाढत्या शहरात अशाच मार्गाच्या आराखड्याचे नेतृत्व काही काळ माझ्याकडे होते. नेतृत्व हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात माझे बहुतेक दिवस जलवाहिन्या, विजेचे खांब, एका देवळाचा ओटा आणि दुकानांपुढच्या पायऱ्या यांच्यात गेले. एकाच रस्त्यावर पालिका, बांधकाम खाते, वीज कंपनी, वाहतूक पोलीस आणि परिवहन खाते या सर्वांचा हक्क असतो आणि कोणीच कोणाच्या हाताखाली नसते. या सगळ्यांना एका खोलीत बसवू शकेल असा अधिकारी मिळाला की काम वेगाने सुटते. पण तो अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि मार्ग पुरा व्हायला सहा-सात वर्षे लागतात. नवा अधिकारी वाईट असतो असे नाही, परंतु आधीच्याने दिलेला शब्द त्याने दिलेला नसतो.

माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. बसचा तळ आणि स्थानकाचा फलाट एका उंचीला आणण्यासाठी मी आराखड्यांवर कितीतरी आठवडे घालवले आणि ते साधलेही, परंतु बस आणि फलाट यांच्यामधल्या फटीचा विचार मी तेवढा केला नाही. चालकांना बसची कड घासण्याची भीती वाटे, त्यामुळे ते फलाटापासून वीतभर लांब उभे राहत. उंची एक झाली तरी मधली फट तशीच राहिली, आणि कडेवर मूल असलेली बाई तिथे थबके. फलाटाला रबरी कड आणि जमिनीवर चाकासाठी रंगवलेली रेघ एवढा उपाय होता, आणि त्याच्या जोडीला चालकांचा काही आठवड्यांचा सराव हवा होता. माझ्या अंदाजपत्रकात तो सराव एका ओळीचा होता आणि तीच ओळ सर्वांत आधी कापली गेली. मी विरोध केला नाही, कारण त्या दिवशी मला काँक्रीटचे पैसे वाचवायचे होते.

हे सगळे बारीकसारीक वाटेल, पण बसचा वेग धावण्यात जितका ठरतो तितकाच थांबण्यात ठरतो. पायऱ्या चढाव्या लागल्या, दारात कंडक्टरशी सुट्या पैशांचा व्यवहार झाला, की प्रत्येक स्थानकावर वीस-पंचवीस सेकंद जास्त जातात, आणि वीस स्थानकांवर मिळून सात-आठ मिनिटे. चौकांचेही तसेच आहे. बस मधून धावते, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्या मोटारी तिला आडव्या येतात. त्यांच्यासाठी सिग्नलचा वेगळा टप्पा द्यावा लागतो, सिग्नलचे चक्र लांबते, आणि शेवटी स्वतःचा रस्ता असूनही बस लाल दिव्यापाशी सगळ्यांच्या बरोबरीने उभी राहते. उजवे वळण बंद करून ते पुढच्या चौकाकडे नेणे हा त्यावरचा उपाय आहे, परंतु तो करायला अभियंत्यापेक्षा नगरसेवक जास्त धीट असावा लागतो.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात वास्तुरचनाकार असलेल्या महापौर जेमी लर्नर यांनी १९७४ साली असे मार्ग सुरू केले, तेव्हा शहराची वाढच त्या मार्गांच्या कडेने होऊ दिली. बोगोटामध्ये डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनियो सुरू झाली, तेव्हा जुन्या बसमालकांना नव्या कंपन्यांमध्ये वाटेकरी करून घेतले होते; ज्यांनी संप केला असता तेच व्यवस्थेचे धनी झाले. अहमदाबादने ऑक्टोबर २००९ मध्ये साडेबारा किलोमीटरपासून सुरुवात केली आणि मग थांबले नाही, मार्गाला मार्ग जोडत गेले. दिल्लीत २००८ साली झालेला आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा तुकडा एकटाच राहिला, मोटारवाल्यांच्या रोजच्या रागाचा धनी झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. मला यात निधीपेक्षा जाळ्याचा फरक दिसतो. एकट्या मार्गाला शत्रू पुष्कळ असतात, आणि मित्र फक्त त्या मार्गावरचे.

इंदूरचा मार्ग शेवटपर्यंत एकटाच राहिला. सुदामानगर, लोकमान्यनगर किंवा राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांपैकी कितीजणांना आयबस जवळची वाटली असेल? ती शहराच्या पूर्व अंगाने उत्तर-दक्षिण जाई, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला आधी मॅजिक ही छोटी प्रवासी गाडी किंवा रिक्षा लागे. त्यात एलआयजी ते नवलखा हा पट्टा अडचणीचा, तिथे उड्डाणमार्ग बांधायचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. मार्ग सुरू झाल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि काही काळ मोटारींनाही बसच्या लेनमध्ये प्रवेश मिळाला होता. एकदा लेनमध्ये मोटार चालवलेल्या माणसाला पुढे तीच लेन बंद झाली की आपले काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटते; मेहुण्यांचा राग मला तिथून समजू लागला.

भोपाळचा मार्ग २०२४ च्या सुरुवातीला काढायला घेतला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी इंदूरचाही काढण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. रेलिंग काढायला तत्काळ सुरुवात झाली, पुढचे काम मात्र रेंगाळले. ३१ मे २०२५ रोजी शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले, त्याचा आनंद मलाही झाला. पण त्या टप्प्यावर पाच स्थानके आहेत आणि पलासियाला क्लासला जाणाऱ्या मुलीला ती उपयोगाची नाहीत.

आई ८१ वर्षांची आहे. राजेंद्रनगरहून रिक्षाने राजीव गांधी चौराहा, तिथून आयबसने गीताभवन आणि मग मावशीकडे, असा तिचा महिन्यातून एकदा ठरलेला प्रवास असे. फलाटावरून बसमध्ये ती कोणाचा हात न धरता जाई आणि परत आल्यावर तेवढेच सांगे. मागच्या महिन्यात ती पुन्हा निघाली, या वेळी मी बरोबर होतो. बस डाव्या कडेला, दोन रिक्षांच्या मागे थांबली. मी खालून कोपर धरले, कंडक्टरने वरून हात दिला, आणि पहिल्या पायरीवर तिने पाय ठेवला तेव्हा मागच्या मोटारीने हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. जुन्या सवयीने मी घड्याळ पाहिले. चढायला बावीस सेकंद लागले.