राख, लाव्हा आणि जॉन डे

पन्हाळ्यावरचा किंवा मसाई पठारावरचा जांभा पाहताना मला हल्ली, केवळ छायाचित्रांतून ओळखीच्या झालेल्या, अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या टेकड्या आठवतात. या टेकड्या ‘जॉन डे जीवाश्म राष्ट्रीय स्मारका’चा भाग आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेले हे संरक्षित क्षेत्र शीप रॉक, पेंटेड हिल्स आणि क्लार्नो या तीन विभागांत विखुरलेले असून त्याचा एकूण विस्तार सुमारे १४ हजार एकर आहे.

ज्याच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते, त्या जॉन डेचा जीवाश्मांशी काडीचाही संबंध नव्हता. तो व्हर्जिनियाचा शिकारी होता आणि फरच्या व्यापारासाठी पश्चिमेकडे निघालेल्या तुकडीत सामील झाला होता. १८१२ मध्ये कोलंबिया नदीला मिळणाऱ्या एका नदीच्या मुखाशी त्याला आणि त्याच्या सोबत्याला लुटून अंगावरचे कपडेही काढून घेण्यात आले. पुढे त्या नदीला त्याचे नाव मिळाले आणि नदीवरून ते जीवाश्मांच्या थरांनाही चिकटले. खरा मान थॉमस कॉन्डन या पाद्र्याचा, असे माझे मत आहे; कारण १८६०च्या दशकात या थरांचे मोल त्यानेच ओळखले. तेथील संशोधन केंद्राला त्याचे नाव दिले आहे, एवढे तरी झाले.

कोल्हापूरकराला विचारात पाडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वी तेथेही आपल्या दख्खनसारखे लाव्हाचे प्रचंड लोट पसरले आणि त्यांचा काळा कातळ आजही तेथे दिसतो. आपला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण आपल्याकडे थरावर थर मुख्यतः लाव्हाचेच साचले आणि तप्त लाव्हात हाड किंवा पान सहसा टिकत नाही. दोन उद्रेकांमधील काळात तळ्यांत गाळ साचला, अशा मोजक्या ठिकाणीच, उदाहरणार्थ मध्य प्रदेशातील घुघुवा येथे, ताडवृक्षांचे अश्मीभूत अवशेष मिळतात. ओरेगॉनमध्ये त्या लाव्हाच्या आधी आणि नंतरही ज्वालामुखींची राख व चिखल वारंवार पसरत राहिला. त्यामुळे क्लार्नो येथे सुमारे ४.४ कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण, दमट अरण्यातील फळे आणि बिया दगड होऊन राहिल्या, तर त्यावरील थरांत तीन बोटांच्या लहान घोड्यांची हाडे सापडतात. पेंटेड हिल्समधील लाल पट्टे उष्ण व ओल्या काळातील मातीचे आहेत, पिवळे तुलनेने कोरड्या काळातील.

राखेतील स्फटिकांवरून थराचे वय काढता येत असल्याने, कोणते हाड नेमक्या कोणत्या थरात होते, ही नोंद हाडाइतकीच महत्त्वाची ठरते. म्हणूनच पर्यटकांना तेथील एकही जीवाश्म उचलण्याची मुभा नाही. संशोधक मात्र तेच उतार ठरावीक काळाने पुन्हा पायी तपासतात, कारण ज्या पावसाने हाड उघडे पडते, तोच पाऊस पुढे ते झिजवून टाकतो.