आठ विजय, सात विधानसभा

६ सप्टेंबर २०२२ च्या रात्री उशिरा कर्नाटकचे मंत्री आणि बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीचे आमदार उमेश कत्ती यांचं बेंगळुरूत निधन झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या वृत्तपत्राची डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी, छपाईला गेली होती. बेळगाव शहर आवृत्तीचं पहिलं पान मोडून नव्यानं लावायला घेतलं. बातमीचं काही अडलं नाही, अडलं ते कारकिर्दीच्या चौकटीपाशी.

कन्नड मजकुरात ‘एंटु बारी शासक’ होतं. शासक म्हणजे आमदार, हे सीमाभागात कुणाला सांगावं लागत नाही. पण ‘बारी’ म्हणजे ‘वेळा’. भाषांतरात त्याची ‘सलग आठ टर्म’ झाली. घाईत कन्नड उतरवणारे हा घोळ कायम करतात.

निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांतून हुक्केरीची पानं काढली, तर विजय सहाच भरले : १९८९, १९९४, १९९९, २००८, २०१३, २०१८. पोटनिवडणूक त्या अहवालात नसते, ती वेगळी शोधावी लागते. इथं तशा दोन. पहिली १९८५ ची, वडील विश्वनाथ कत्ती यांच्या निधनानंतरची. दुसरी २००८ ची : मे महिन्यात जेडीएसकडून (जनता दल सेक्युलर) जिंकले, राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि डिसेंबरात त्याच जागेवर पुन्हा निवडून आले. शेजारच्या अरभावीत बालचंद्र जारकीहोळी यांचंही तसंच झालं.

म्हणजे विजय आठ, हे बरोबर. पण २००८ चे दोन्ही विजय तेराव्या विधानसभेतले, म्हणून विधानसभा सातच. आणि ‘सलग’ तर मुळीच नाही. २००४ ला ते हरले, बाराव्या विधानसभेत ते नव्हते.

मताधिक्याचा तक्ता मी काढूनच टाकला. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत संकेश्वर मतदारसंघ गेला, राखीव यमकनमर्डी आला. हुक्केरीचं नाव राहिलं, गावं बदलली. १९९९ चा आकडा २०१८ शेजारी ठेवणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

जागा कमी पडली की पहिली कात्री डिसेंबर २००८ च्या ओळीला लागते, कारण तीच सगळ्यांत लांब. त्या रात्रीही सूचना तीच आली. आमदारानं स्वतः रिकामी केलेली जागा पुन्हा जिंकली, तर तो विजय बाकीच्यांच्या रांगेत मोजावा का, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. मोजावा बहुधा, पण कसा आला ते सांगूनच. हुक्केरीकरांनी त्या एका वर्षात आमदार निवडण्यासाठी दोनदा बोटाला शाई लावून घेतली होती. ती ओळ ठेवली, आणि मंत्रिपदांची यादी अन्न व वन या शेवटच्या दोन खात्यांवर आणून पान छपाईला सोडलं.